वैदेहीला मारू नका

पत्राचा सारांश (ओळख कळू नये म्हणून नावे आणि काही तपशील बदलले आहेत) : पत्रलेखक ५८ वर्षांचे निवृत्त गृहस्थ आहेत. पत्नीच्या निधनानंतर ते समाजमाध्यमावरच्या वाचनप्रेमींच्या एका ग्रुपमध्ये गेले. स्वतःच्या नावाने लिहिलेल्या मजकुराकडे कोणी फिरकत नाही असे पाहून त्यांनी 'वैदेही' नावाचे दुसरे खाते उघडले. वैदेही ३२ वर्षांची, नोकरी करणारी, अविवाहित. तिचा फोटो भलत्याच कोणाचा तरी, इंटरनेटवरून उचललेला. ग्रुपमधल्या २९ वर्षांच्या एका तरुणीशी वैदेहीची मैत्री जुळली आणि गेली अडीच वर्षे त्यांचे जवळपास रोज बोलणे होते. त्या तरुणीचा घटस्फोट याच काळात झाला आणि तेव्हा वैदेहीनेच तिला धीर दिला. पत्रलेखकांनी तिच्याकडे कधी पैसे मागितले नाहीत की वावगा शब्द काढला नाही. आता ती प्रत्यक्ष भेटण्याचा आग्रह धरते आहे. खरे सांगितले तर ती कोलमडेल, त्यापेक्षा वैदेहीच्या भावाच्या नावाने एक खाते उघडून 'वैदेही आजारपणात गेली' असे कळवावे, म्हणजे तिला दुःख होईल पण विश्वासघात कळणार नाही, असा त्यांचा विचार आहे. ते विचारतात, यात चूक काय?

नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना राग आला, हे लपवत नाही. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी अडखळले. तुम्ही ओघात लिहून गेला आहात की वैदेहीचा वाढदिवस, तिच्या भावाचे नाव, तिच्या साहेबांचा तिरसट स्वभाव आणि 'फोनचा कॅमेरा बिघडलाय' ही सबब कोणकोणत्या तारखांना सांगितली, हे सगळे तुम्ही एका वहीत टिपून ठेवता, म्हणजे पुढे बोलण्यात विसंगती येत नाही. याच पत्रात चार ओळी खाली तुम्ही म्हणता, 'नाव आणि फोटो सोडला तर आमच्या मैत्रीत खोटे काही नव्हते.' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. मैत्रिणीला आपण काय काय सांगितले याची वही कोणी ठेवत नाही, कारण जे घडले तेच सांगितलेले असते. तुमची वही किती पानांची झाली आहे ते तुम्ही लिहिलेले नाही, पण अडीच वर्षांत ती नाव आणि फोटो यांच्या पलीकडे बरीच गेली असणार.

तुमचा एकटेपणा मी खोटा मानत नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाने लिहिलेल्या चार बऱ्या ओळींकडे कोणी पाहत नाही आणि त्याच ओळी तरुण स्त्रीच्या फोटोखाली आल्या की शंभर जण दाद देतात, हा तुमचा अनुभवही खरा आहे. त्यात दोष तुमच्यापेक्षा त्या शंभरांचा अधिक. पडद्याआड असलेला माणूस अधिक मोकळा होतो, हे तर मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ सालीच मांडले आहे. समोर चेहरा नाही, लगेच उत्तर देण्याचे बंधन नाही, आपल्याला कोणी ओळखत नाही, त्यामुळे जिभेवरची गाठ सुटते. पत्नीविषयी जे तुम्ही कोणाजवळ बोलू शकला नाहीत ते वैदेही आपल्या 'दिवंगत आई'विषयी बोलली, असे तुम्ही लिहिता. ते वाचून वाईट वाटले. पण मोकळे होण्यासाठी नाव बदलणे पुरेसे होते. वय, देह आणि आयुष्य बदलण्याची गरज नव्हती.

'लेखकही टोपणनावे घेतातच की,' हा तुमचा युक्तिवाद मी इथेच निकालात काढते. राम गणेश गडकरी कविता 'गोविंदाग्रज' या नावाने लिहीत आणि विनोदी लेख 'बाळकराम' या नावाने. वाचकाला समोर एक नाव आहे आणि त्यामागे लिहिणारा कोणी आहे एवढे ठाऊक असे, आणि त्या नावाच्या भरवशावर कोणी आपले गुपित सांगायला येत नसे. टोपणनावामागे माणूस स्वतःला झाकतो. तोतया दुसऱ्याला स्वतःविषयी चुकीची खात्री पटवतो आणि त्या खात्रीवर समोरच्याला निर्णय घ्यायला लावतो. वैदेही हे टोपणनाव नव्हते.

आता त्या तरुणीकडे येते. 'तुमच्या मुलीला असे कोणी फसवले असते तर?' हा नेहमीचा प्रश्न मी विचारणार नाही, कारण त्या प्रश्नाने माणूस फक्त ओशाळतो, विचार करत नाही. मी वेगळे विचारते. घटस्फोटाच्या काळात तिने तुम्हाला जे सांगितले, त्यातले किती तिने ५८ वर्षांच्या अनोळखी पुरुषाला सांगितले असते? तुमच्याच शब्दांत, तिने 'आईलाही सांगितले नव्हते असे काही' वैदेहीला सांगितले. ते तिने एका बाईला, जवळपास आपल्याच वयाच्या बाईला, विश्वासाने सांगितले. कोणाला काय सांगायचे हे ठरवण्याचा हक्क तिचा होता आणि तो तिच्या नकळत तुम्ही काढून घेतला. तुमची वागणूक सभ्य होती, तुमचा सल्ला चांगला होता, हे सगळे मान्य केले तरी हा हक्क गेला तो गेलाच. तुम्ही तिला 'वाचवले' असेही लिहिता. माझी विनंती आहे की हा शब्द तुम्ही मनातूनही काढून टाकावा. ती स्वतः सावरली; त्या वेळी तुम्ही सोबतीला होता. वाचवणाऱ्याच्या भूमिकेत गेलेल्या माणसाला आपले खोटे माफ झाल्यासारखे वाटू लागते.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो. तुम्ही पैशाच्या वाटेला गेला नाहीत, म्हणून बाकीची सोंगे निर्दोष ठरतात असा तुमचा हिशेब दिसतो. पैशांसाठी प्रेमाचे नाटक करणाऱ्यांचा धंदा मोठा आहे, यात शंका नाही; २०२२ या एका वर्षात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेकडे सुमारे ७० हजार लोकांनी अशा फसवणुकीच्या तक्रारी केल्या आणि त्यांनी नोंदवलेले नुकसान १३० कोटी डॉलर इतके होते. त्या टोळ्यांच्या पंक्तीला मी तुम्हाला बसवत नाही. पण अशा आकड्यांत फक्त पैसा मोजला जातो. पैसे गमावलेल्या माणसाला निदान आपले काय गेले ते सांगता येते. तुमच्या मैत्रिणीला ते सांगायला शब्दही सापडणार नाही, आणि 'पैसे तर गेले नाहीत ना, मग?' असे तिला ऐकवणारे चार जण भेटतील.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे वैदेहीच्या 'मृत्यू'कडे, येते. हा उपाय तुम्हाला नवा सुचल्यासारखा वाटत असेल, पण खोटी माणसे उभी करणाऱ्यांना तो पूर्वीपासून सुचत आला आहे आणि त्याचे काय होते तेही ठाऊक आहे.

मे २००१ मध्ये 'केसी निकोल' नावाची रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणारी १९ वर्षांची मुलगी गेल्याची बातमी तिच्या ब्लॉगच्या वाचकांना कळली. ते हळहळले, फुले पाठवायला पत्ता मागू लागले. पत्ता मिळेना, अंत्यविधीचा ठिकाणा मिळेना, वर्तमानपत्रात निधनाची नोंद सापडेना. काही दिवसांतच उघड झाले की केसी कधी नव्हतीच. कॅन्ससमधली एक गृहिणी तिच्या नावाने लिहीत होती आणि फोटो एका भलत्याच मुलीचे होते, जिला याचा पत्ताही नव्हता.

दुसरे उदाहरण तर तुमच्या बेताची नक्कलच आहे. २०११ साली सीरियातल्या दमास्कसमधून लिहिणारी 'अमिना' ही तरुणी तिच्या ब्लॉगमुळे जगभर गाजली. जूनमध्ये तिच्या नात्यातल्या बहिणीच्या नावाने मजकूर आला की अमिनाला सशस्त्र माणसांनी पळवून नेले. तुमच्या डोक्यातला 'वैदेहीचा भाऊ' आणि ती बहीण, दोघे एकाच साच्यातले. अमिनाच्या सुटकेसाठी देशोदेशी मोहिमा सुरू झाल्या, सीरियातल्या खऱ्या कार्यकर्त्यांनी जीव धोक्यात घालून तिचा शोध घेतला, आणि आठवड्याभरात कळले की अमिना म्हणजे एडिंबरा विद्यापीठात शिकणारा ४० वर्षांचा एक विवाहित अमेरिकन पुरुष. फोटो लंडनमधल्या एका स्त्रीचा होता आणि तो पाहून तिने स्वतःच तक्रार केली होती. माझा हेतू चांगला होता, असे तोही म्हणाला.

तिसरे उदाहरण फसवल्या गेलेल्या माणसाच्या बाजूचे. मँटाय टेओ हा अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाचा नामांकित अमेरिकन फुटबॉलपटू. सप्टेंबर २०१२ मध्ये त्याची आजी गेली, आणि त्याच सुमाराला, फोनवर आणि इंटरनेटवरच ओळख असलेली त्याची प्रेयसीही कर्करोगाने गेल्याचे त्याला कळवण्यात आले. डिसेंबरमध्ये त्याला त्याच आवाजात फोन आला. जिच्यासाठी तो तीन महिने शोक करत होता ती बोलत होती. जानेवारी २०१३ मध्ये सगळे प्रकरण वर्तमानपत्रांत आले तेव्हा लोक तो खेळ रचणाऱ्यावर कमी आणि टेओवर अधिक हसले. त्याच्या आजीचा मृत्यू खरा होता, पण त्या दोन शोकांची सरमिसळ कायमची झाली.

या तिन्ही प्रकरणांत रचणाऱ्याला वाटले होते की मृत्यूने किंवा संकटाने गोष्ट संपेल. उलट, तिथूनच लोक शोधू लागले. कारण मृत्यू ही खासगी घटना नसते. माणूस गेला की मागे राहिलेले लोक येतात, चौकशी करतात, काही पाठवू पाहतात. तुमची मैत्रीण वैदेहीच्या 'भावा'ला भेटायला येते म्हणाली तर? तिच्या घरच्यांना पत्र लिहायचे म्हणाली तर? पुन्हा वही, पुन्हा सबबी, फक्त आता रडणाऱ्या माणसासमोर. आणि समजा, कधीच काही उघड झाले नाही, तरी काय होईल याचा विचार करा. घटस्फोटातून नुकती वर आलेली ती मुलगी, जी तिला आपली सर्वांत जवळची मैत्रीण वाटते तिच्या मृत्यूचा शोक वर्षानुवर्षे करत राहील. आपण भेटायला उशीर केला म्हणून स्वतःला बोल लावेल. दरवर्षी तुम्ही निवडलेल्या तारखेला उदास होईल. ती तारीख तुम्ही वहीत लिहाल. पहिल्या खोट्याने तिचा विश्वास घेतला आणि या दुसऱ्याने तिचा शोकही घ्याल. वैदेहीला मारू नका.

मग गुपचूप खाते बंद करून नाहीसे व्हावे का? अनेकांना हा मधला मार्ग वाटतो. ज्याची ओळख आठवड्याभराची आहे, चार गप्पांपुरती आहे, त्याने तसे केले तर मी फार हरकत घेणार नाही. अडीच वर्षांनंतर मात्र अचानक गप्प झालेल्या मैत्रिणीचा शोध घेतला जातो, पोलिसांत हरवल्याची तक्रारसुद्धा दिली जाते. हळूहळू बोलणे कमी करत जाणे हा त्याचाच लांबवलेला प्रकार. त्यात ती रोज स्वतःत खोट शोधत बसेल. आणि यंत्र येऊन तुमची सुटका करील या भ्रमात राहू नका. २०१९ च्या पहिल्या तिमाहीत फेसबुकने २०० कोटींहून अधिक खोटी खाती बंद केली, पण ती बहुतेक यंत्रांनी घाऊक उघडलेली आणि यंत्रांनीच पकडलेली होती. एका माणसाने जिवापाड जपलेले, रोज मायेने बोलणारे खाते अशा चाळणीत सहसा सापडत नाही.

उरते खरे सांगणे. ते सोपे आहे असे मी म्हणत नाही आणि त्यानंतर ती तुम्हाला माफ करील असेही नाही. बहुधा करणार नाही. 'खरे सांगितले तर ती कोलमडेल' या तुमच्या वाक्यात तिची काळजी आहे, पण थोडी तुमची स्वतःचीही आहे. तिच्या नजरेत आपण कोण ठरू, ही भीती तिच्या नावावर टाकलेली आहे. तिला किती सोसवते हे ठरवण्याचा अधिकार तुम्ही आजवर बराच वापरला. आता तो तिच्याकडे जाऊ द्या.

सांगण्याची रीत मात्र महत्त्वाची आहे आणि तुमच्यासारख्या अवस्थेत असलेल्या इतरांनीही ती लक्षात घ्यावी. भेटीला होकार देऊन, तिथे जाऊन, 'वैदेही म्हणजे मीच' असे सांगण्याचा मोह कटाक्षाने टाळा. एकट्या तरुणीला अनोळखी पुरुषाने असे गाठणे भयंकर आहे, हेतू कितीही शुद्ध असो. अचानक कॅमेरा सुरू करणेही त्यातलेच. लिहून सांगा, म्हणजे ती वाचणे थांबवू शकेल, पुन्हा वाचू शकेल, दुसऱ्याला दाखवू शकेल. रात्री पाठवू नका. तिच्या नोकरीतल्या किंवा कोर्टातल्या एखाद्या महत्त्वाच्या दिवसाच्या आदल्या दिवशीही नको. बहिणीकडे जाणार आहे असे ती म्हणाली असेल तर तो दिवस बरा, कारण शेजारी माणूस असेल. तिने कधी जगणे नकोसे झाल्याचे सुचवले असेल, तर पाठवण्याआधी एखाद्या समुपदेशकाशी बोलून वेळ आणि शब्द ठरवा. पण ते निमित्त करून महिनोन् महिने ढकलू नका. तोवर भेटीबद्दल नवी सबबही सांगू नका, 'आत्ता हो म्हणू शकत नाही' एवढेच म्हणा.

पत्राच्या पहिल्या दोन वाक्यांत खरे येऊ द्या : वैदेही नाही, मी अमुक नावाचा, अमुक वयाचा पुरुष आहे. एकटेपणाची कहाणी तिथे नको. ती आधी आली की तुमची दया करणे तिला भाग पडते. त्यानंतर तुमच्या वहीचा पहिल्यांदाच चांगला उपयोग होईल. तिच्यातून काय काय खोटे होते ते सरळ लिहून काढा. भाऊ नव्हता, साहेब नव्हते, कॅमेरा बिघडला नव्हता, आईविषयी जे सांगितले ते पत्नीविषयी होते. फसवणूक उघड झालेल्या माणसाला सर्वांत जास्त छळते ते हेच, की मागे वळून प्रत्येक आठवण तपासावी लागते आणि कोणती टिकणार ते कळत नाही. ते काम तिच्यावर एकटीवर टाकू नका. तिने सांगितलेले तुम्ही कोणाला दाखवले आहे का, याचे उत्तर तिने विचारण्याआधी द्या. आणि आजवरचे संभाषण तुमच्या मर्जीने पुसू नका. ते ठेवायचे, पुसायचे की तक्रारीसाठी वापरायचे, हे ती ठरवील. ती तक्रार करू शकते, हे गृहीत धरा. दुसऱ्याच्या ओळखीचा किंवा फोटोचा असा वापर अनेक देशांत गुन्हा ठरू शकतो, त्यामुळे वकिलाशी बोलून घेणे शहाणपणाचे, पण वकिलाच्या सल्ल्याने पत्रातले खरे पातळ होऊ देऊ नका. 'मला माफ कर' असे एकदा लिहा. उत्तर मागू नका. तिने ब्लॉक केले तर तिसऱ्या खात्यावरून तिचे दार ठोठावू नका, आणि ग्रुपमधल्या कोणाला मध्यस्थ घालू नका.

तिच्या जागी असलेल्या वाचकांसाठीही थोडे लिहिते, कारण या सदराला तशी पत्रे अधिक येतात. 'मला इतके कसे कळले नाही?' हा प्रश्न त्या सगळ्या विचारतात. कोणालाच कळत नाही, हे त्याचे उत्तर. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दोनशेहून अधिक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा दिसले की खरे-खोटे ओळखण्यात माणसे सरासरी १०० पैकी ५४ वेळा बरोबर येतात. नाणे उडवले तरी ५० वेळा येतील. फोटोवरही भरवसा नको. तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधून पाहिले तर चोरलेला चेहरा कधीकधी सापडतो, पण संगणकाने नव्याने घडवलेला चेहरा कुठेच सापडत नाही, आणि २०२२ मधल्या एका प्रयोगात असे चेहरे खऱ्यांपासून वेगळे काढताना लोकांचे निम्म्याहून अधिक अंदाज चुकले. म्हणून चेहऱ्याकडे कमी आणि सबबींकडे जास्त लक्ष द्यावे. वर्षभर रोज बोलणारा माणूस पाच मिनिटे व्हिडिओवर येऊ शकत नाही, त्याच्या आयुष्यातल्या दुसऱ्या एकाही माणसाशी आपली गाठ पडत नाही, आणि भेट ठरली की नेमके संकट उभे राहते, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर मोकळेपणाने विचारावे. जवळच्या माणसाची खातरजमा करणे हा त्याचा अपमान नव्हे. खऱ्या माणसाला त्याचे फार तर हसू येते.

पुन्हा तुमच्याकडे. हे सगळे करायला तुम्हाला बळ लागेल, आणि ते वैदेहीच्या खात्यातून मिळणार नाही. पत्र पाठवण्याआधी आपल्या ओळखीच्या एका जिवंत माणसाला हे सांगा. तुमची मुलगी रविवारी दहा मिनिटे बोलते असे लिहिले आहे. पहिल्यांदा तिलाच सांगा असा आग्रह नाही, पण कोणाला तरी सांगा, समोर बसून. पत्नीविषयी बोलायचे राहून गेले आहे, तेही तिथेच सुरू होईल. लिहायचे असेल तर जरूर लिहा, टोपणनावाने लिहा, पण त्या नावाला फोटो, वय आणि नोकरी देऊ नका. सुरुवातीला चार जणच वाचतील. त्या चारांशी बोलताना वही लागणार नाही.

दोन कामे आजच करता येतील. वैदेहीच्या खात्यावरचा फोटो काढून टाका आणि तो कुठून घेतला होता ते टिपून ठेवा. या सगळ्यात त्या बाईचा चेहरा अडीच वर्षे वापरला गेला आणि तुमच्या चार पानी पत्रात तिचा उल्लेख एकदाच, तोही 'कोणाचा तरी' असा आहे. दुसरे काम वहीचे. ती फाडून टाकावीशी वाटेल, पण मैत्रिणीचे प्रश्न संपेपर्यंत ती जपून ठेवा.